जिथं राहिलं तिथनं पुढं

खैरमाळच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यापुढं नारळ फुटला, पडद्याला हळदीकुंकू लागलं आणि सरपंच हौसराव आप्पांनी स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. कॉम्प्युटरला गळा नसतो, पण जिथं असायला हवा होता तिथं आप्पांनी तो बरोबर अडकवला. सणसवाडीच्या एका कंपनीनं गावाला दिलेली ती भेट होती. फोटो निघाले, पेढे वाटले गेले. मग त्याच्यावर प्लॅस्टिकचं आवरण चढलं, आवरणावर टॉवेल चढला, आणि पुढचं दीड वर्ष ते यंत्र टॉवेल वाळत घालायच्या कामी आलं.

पंचाईत झाली ती दोन हजार एक सालच्या एप्रिलमध्ये. कंपनीतून फोन आला की जूनमध्ये साहेब लोक येणार आहेत, कॉम्प्युटरचा गावाला काय उपयोग झाला ते बघायला. आप्पांनी फोन ठेवला आणि टॉवेलकडं पाहिलं. त्याचं बटण कुठल्या अंगाला असतं हेसुद्धा पंचायतीत कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी गावाला पाणी सोडणारे पोपटराव म्हणाले, "आप्पा, भीमनगरातल्या बबनरावची गौतमी शिरूरला ह्याच्याच क्लासला जाती. तिला इचारा की."

"पोरगीला?" आप्पा म्हणाले.

"कॉम्प्युटरला काय कळतंय, पोरगी हाय का पोरगा," पोपटराव म्हणाले. एवढं मोलाचं बोलून ते तंबाखू मळायला लागले.

गौतमी वीस वर्षांची होती. बारावी झाल्यापासून रोज सकाळी जीपनं तळेगाव ढमढेरे, तिथून एसटीनं शिरूर, आणि स्टँडमागच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानावरची माडी. खाली जळक्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळली जायची, वर पोरंपोरी सी भाषेशी झटायची. वॉर्निशचा वास जिन्यानं वर यायचा. कॉम्प्युटर चार आणि मुलं पंधरा, त्यामुळं एकाच्या हातात कीबोर्ड आणि मागच्या तिघांच्या हातात सल्ले असा प्रकार चालायचा.

शिकवायला विनोद सर होते. ते दौंडचे, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेले. त्यांचे वडील सांधेवाले होते, म्हणजे रुळांचा सांधा बदलून गाडी या मार्गावरून त्या मार्गावर घालणारे. सरांची सगळी कॉम्प्युटरविद्या त्या सांध्यावरून जायची. "गाडी दौंडला आली," ते म्हणायचे. "सांधा पुण्याकडं लावला असेल तर ती पुण्याला जाईल, नाहीतर सोलापूरला. गाडीला डोकं नसतं. सांध्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला असावं लागतं. 'जर' आणि 'नाहीतर', एवढंच शिकायचंय तुम्हाला. बाकी सगळं त्याचंच गोत आहे."

पहिल्या महिन्यात गौतमीनं स्वतःचं नाव दहा वेळा छापायचा प्रोग्रॅम लिहिला आणि थांबायची अट घालायला विसरली. मग काय, गौतमी, गौतमी, गौतमी करत नावं पडद्यावर धावायला लागली, थांबायचं नावच घेईनात. शेजारची मुलगी घाबरून वायर उपटायला निघाली. गौतमी मात्र बघतच राहिली. शाळेतली हजेरी सोडली तर आपलं नाव कुणी एवढं लक्षपूर्वक घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. त्या दिवशी तिला ही विद्या मनापासून आवडली, ती कायमचीच.

कोर्स संपताना प्रत्येकानं एक प्रोजेक्ट करायचा होता. सरांनी सांगितलं, "पुस्तकातला उतरवलेला चालणार नाही. ज्या गोष्टीवरून तुमच्या गावात सारखी भांडणं होतात, तिच्यावर प्रोग्रॅम लिहा." बाकीची मुलं विचारात पडली. गौतमीला विचार करावाच लागला नाही.

खैरमाळला नळ दोन दिवसाआड यायचा. टाकी एक, पाईप एक आणि वस्त्या तीन: वरची आळी, मधली आळी आणि टोकाला भीमनगर. पोपटराव एका दिवशी एकाच वस्तीची चावी सोडायचे. बोलायला हे सरळ होतं. पण भीमनगराची पाळी सारखी हुकायची, आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं असायचं. कधी लाईट गेली, कधी मधल्या आळीचं राहिलं होतं, कधी वरच्या आळीचं. पाळी हुकली की गौतमीची आई भागुबाई शाळेमागच्या हापशावर जायची. हापशाचं पाणी मचूळ, त्यात डाळ शिजता शिजायची नाही. इनामगावची आत्या, तानुबाई, कधी राहायला आली की पहिला प्रश्न विचारायची, "पाणी कवा येतं गं तुमच्याकडं?" आणि भागुबाई चूल फुंकत म्हणायची, "येईल तवा खरं." गौतमीनं लहानपणापासून हेच उत्तर ऐकलं होतं, आणि तिला त्याची चीड होती.

आप्पांचं बोलावणं आलं तेव्हा ती म्हणाली, "आप्पा, पाण्याच्या पाळ्यांचा प्रोग्रॅम करते. महिनाभर कुणाला कधी पाणी, ते आधीच छापून बोर्डावर लावता येईल." आप्पांना पाळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं, साहेबांपुढं पडद्यावर काहीतरी हलावं एवढीच त्यांची अपेक्षा होती. ते म्हणाले, "कर. जमलं तर गावात लावू. पर मीटिंगपुढं चाललं पाहिजे."

आठवडाभरात प्रोग्रॅम क्लासमध्ये एकही एरर न देता चालला. गौतमी इतकी हुरळली की छापलेल्या तारखा वाचायचंही तिला सुचलं नाही. फ्लॉपी डब्याच्या पिशवीत घालून ती गावी आली.

मीटिंगला सदस्य होते, पोपटराव होते, आणि कॉम्प्युटर चालू होतो म्हणजे काय होतं ते बघायला दारात बरीच गर्दी होती. आप्पांनी टॉवेल स्वतः काढला. यंत्र टुंग वाजलं तशी पुढची रांग मागं सरकली. मग पडद्यावर तारखा उमटल्या. एक तारीख, वरची आळी. दोन तारीख, मधली आळी. तीन तारीख, वरची आळी आणि भीमनगर.

"दोनी?" पोपटराव पुढं वाकून म्हणाले. "अगं, टाकी एक हाय. दोन चाव्या एकदम सोडल्या तर कुणाच्याच नळाला पाणी चढायचं न्हाई. नुसती हवा यील फुस्स करून."

आधी दारातले हसले, मग आतले. वरच्या आळीचे सदस्य ज्ञानदेव म्हणाले, "काय बिघडलं? भीमनगराला रोजच द्या म्हणतीय ती." आप्पा हसले नाहीत, पण ते जे बोलले ते हसण्यापेक्षा वाईट होतं. "पोरी, आधी पाणी भरायला शीक. मग कॉम्प्युटर."

वयाच्या पाचव्या वर्षापासून डोक्यावर हंडा घेणाऱ्या मुलीला हे ऐकावं लागलं. गौतमीनं फ्लॉपी काढली, आवरण घातलं, वर टॉवेलही नीट पसरला आणि मान खाली घालून घरी आली.

दुसऱ्या दिवशी विनोद सरांनी प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे दोन कुठून आले?"

"दोन दिवसाआड पाणी येतं, सर. म्हणून दोन."

"बरं. रविवारी पाणी आलं. पुढचं कधी?"

"बुधवारी."

"मोज."

"सोमवार, मंगळवार, बुधवार..." गौतमी थांबली. तिनं कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर तिसऱ्या दिवशी पाणी भरलं आणि मशीनला मात्र दोन सांगून आली.

सरांना हसू आवरेना. "माझी आई म्हणते, आठ दिवसांनी ये. मी सोमवारी निघालो तर पुढच्या सोमवारीच जातो, मंगळवारी नाही. म्हणजे आठ म्हणून आपण सात मोजतो आणि दोन म्हणून तीन मोजतो, आणि तरी कुणाची चुकामूक होत नाही. कारण आपली माणसं आकडा ऐकतच नाहीत, वार ऐकतात. हे यंत्र फक्त आकडा ऐकतं. तू शब्दावर विसंबलीस. इथून पुढं लोकांना नियम विचारू नकोस. 'अमक्या वारी काय करता' असं विचार, आणि तेवढंच लिही." मग जाता जाता म्हणाले, "आणि शेवटी बेरीज छापायची सवय लाव. कुणाला महिन्यात किती पाळ्या मिळाल्या ते. चूक असली की बेरजेत उघडी पडते."

मग गौतमीनं आठवडाभर सुट्टी काढली आणि पोपटरावांच्या मागं मागं टाकीपासून चाव्यांपर्यंत फिरली. पोपटरावांना त्याचं अप्रूप वाटलं. त्यांच्या कामाबद्दल आजवर लोकांनी तक्रारी केल्या होत्या, प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"मामा, गुरुवारी काय करता?" खैरमाळची लाईट गुरुवारी दिवसभर बंद असायची, मोटर चालायची नाही, टाकी भरायची नाही.

"गुरुवारी कुणालाच न्हाई."

"गुरुवार वरच्या आळीवर आला तर?"

"त्यांना शुक्रवारी देतो. मग मधल्या आळीला शनिवारी."

"पर शनिवार आमचा असतो तवा."

"त्यो ऱ्हातो. रविवारी परत वरनं सुरुवात."

"गुरुवार मधल्या आळीवर आला तर?"

"त्यांना शुक्रवारी."

"शुक्रवार आमचा."

"त्यो ऱ्हातो."

"आन् गुरुवार आमच्यावरच आला तर?"

"तर काय, तुमचाच जातो. लाईटच न्हाई तर मी कुठनं देऊ?"

पोपटरावांच्या बोलण्यात खोट नव्हती. बारा वर्षं ते असंच पाणी सोडत होते, पण ही तीन उत्तरं त्यांनी कधी एकाखाली एक ठेवली नव्हती. गौतमीनंही त्या वेळी ठेवली नाहीत. तिचं सगळं लक्ष वारांकडं होतं. तिनं उत्तरं जशीच्या तशी लिहून घेतली आणि शिरूरला जाऊन प्रोग्रॅममध्ये घातली: जर गुरुवार इकडं तर असं, नाहीतर तसं. जून महिना टाकला आणि चालवला. तारखा सरळ उमटल्या, एका दिवशी एकच वस्ती. ती खूश झाली. मग खाली बेरीज आली.

वरची आळी दहा. मधली आळी दहा. भीमनगर सहा.

पुन्हा चुकलं. तिनं अर्धी दुपार एकेक ओळ तपासली, कॅलेंडर घेऊन हातानं पाळ्या मांडल्या, बोटांनी मोजल्या. पुन्हा दहा, दहा आणि सहा. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. चूक नव्हतीच. गुरुवार वरच्या आळीवर येवो, मधल्या आळीवर येवो, नाहीतर भीमनगरावर येवो, पाळी दर खेपेला भीमनगराचीच बुडत होती. कारणं तीन होती म्हणून कुणाला दिसलं नव्हतं. तिच्या आईलासुद्धा दिसलं नव्हतं. ती बिचारी आपलं नशीबच खोटं आहे असं समजून हापशावर जात राहिली.

"सर, बेरजेची ओळ काढून टाकू का?" तिनं विचारलं. "परत म्हणतील, पोरगी चुकली. ह्या खेपेला हसतील तर प्रोजेक्टही जाईल आणि पाळ्याही जातील."

विनोद सरांनी पडद्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "काढलीस तरी प्रोग्रॅम चालेल. साहेब लोक टाळ्या वाजवतील. मी मार्कही देईन. पण सांध्यापाशी तू उभी आहेस. मी नाही."

एसटीत बसून गौतमी तेच घोळवत होती. भित्रेपणा तिच्यात होता, नाही असं नाही; मागच्या मीटिंगचं हसणं अजून तिच्या कानात होतं. गावात जीपमधून उतरली तर आई हापशावरून येताना दिसली, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. शुक्रवार होता. "आज नळ होता ना?" गौतमीनं विचारलं. "मधल्या आळीचं ऱ्हायलं हुतं म्हणं काल," भागुबाई म्हणाली आणि पुढं चालायला लागली. गौतमीनं आईच्या कमरेवरची कळशी घेतली. ती ओळ काढायची नाही हे तिनं तिथंच ठरवलं.

मेअखेरच्या मीटिंगला मागच्यापेक्षा जास्त गर्दी होती, कारण फजिती बघायला माणसं जास्त येतात. आप्पांनी या वेळी टॉवेल स्वतः काढला नाही, पोपटरावांना काढायला सांगितला. तारखा उमटल्या. पोपटराव पुढं सरकले आणि बोट फिरवत वाचायला लागले. "एक तारीख, शुक्रवार, वरची. बरोबर. सात तारीख, गुरुवार, बंद. आठला वरची, नवाला मधली... बरोबर. म्या असंच सोडतो." आप्पांचा चेहरा खुलला. साहेबांपुढं दाखवायला काम झालं होतं. मग पोपटरावांचं बोट खालच्या बेरजेवर आलं आणि तिथंच अडकलं.

"दहा, दहा, सहा," त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"परत चुकली," ज्ञानदेव म्हणाले.

गौतमी पोपटरावांकडं वळली. "मामा, तुम्ही एकेक तारीख वाचलीत. त्यात कुठली चुकली?"

पोपटरावांनी पुन्हा वरपासून बोट फिरवलं. या वेळी त्यांना बराच वेळ लागला. "एकबी न्हाई," ते म्हणाले, आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखं पुढं म्हणाले, "आयला, दर गुरुवारला ह्यांचंच जातंय की."

दारात भीमनगरातल्या बायका उभ्या होत्या, त्यांत भागुबाई होती. तिनं पदर तोंडावर धरला होता.

ज्ञानदेव म्हणाले, "ही पहिल्यापासनं पद्धत हाय. पाळी वरच्या आळीपासनं सुरू व्हती."

"असू दे," गौतमी म्हणाली. तिनं खुर्ची कीबोर्डकडं ओढली. "काका, मशीनला पद्धत कळत न्हाई. ओळ लागती. आत्ता ती तीन ठिकाणी फाटून लिहिलीय, म्हणून लांबलचक झालीय. ती एका ओळीत लिहिता येती. गुरुवार कुणावरबी येऊ दे, पाणी भीमनगराचं कापायचं. आप्पा, तुम्ही सरपंच हाय. तुम्ही सांगा, मी टाईप करती. साहेब लोक आले की पडद्यावर तीच दिसंल."

तिची बोटं कीबोर्डवर तयार होती. सगळ्यांचे डोळे आप्पांकडं लागले. आप्पा काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी आयुष्यात भीमनगराचं पाणी तोडा असं कधी म्हटलं नव्हतं, आणि आताही ते त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी ज्ञानदेवांकडं पाहिलं. ज्ञानदेवांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. इतकी वर्षं जे न बोलता बिनबोभाट चाललं होतं, ते बोलायची वेळ आली तर पंचायतीत एकाला वाचा फुटली नाही.

शेवटी मधल्या आळीच्या सदस्य पार्वतीबाई बोलल्या. निवडून आल्यापासून मीटिंगमध्ये त्या सही करून चहा होईतो बसत, एवढंच. "मी सांगू का काय लिहायचं?" त्या म्हणाल्या. "पंगतीत भाजी वाढताना पातेलं सरलं, तर भरून आणून परत पहिल्या पानापासनं वाढत्यात व्हय? तसं केलं तर शेवटचं पान उपाशीच उठंल. जिथं राहिलं तिथनं पुढं वाढायचं. आमच्या सासूबाईंनी एवढंच शिकवलंय मला."

गौतमी त्यांच्याकडं बघतच राहिली. महिनाभरात तिला जी अट सुचली नव्हती ती पार्वतीबाईंनी बसल्या जागी एका वाक्यात मांडली होती. "काकू," ती म्हणाली, "ह्याला तर ओळ वाढवायचीच न्हाई. पुसायच्या हायेत."

आणि तिनं पुसल्या. गुरुवार इकडं आला तर, तिकडं आला तर, हे सगळं 'जर-नाहीतर'चं जंजाळ तिनं भराभर पुसून टाकलं आणि त्या जागी एकच गोष्ट ठेवली: गुरुवारी पाळी पुढं सरकवायची नाही. शुक्रवारी जिचं राहिलं तिच्यापासून पुढं. प्रोग्रॅम निम्म्यावर आला. तिनं एकदा सेमीकोलन तपासले, एक विसरलेला घातला, आणि चालवला.

तारखा उमटल्या. खाली बेरीज आली. वरची नऊ, मधली नऊ, भीमनगर आठ.

"हितंबी ह्यांना एक कमीच हाय," पार्वतीबाई म्हणाल्या.

"जूनमधी पाण्याचे दिवसच सव्वीस हायेत, काकू. तिघांत सारखे वाटत न्हाईत. थांबा." गौतमीनं जुलै टाकला. नऊ, नऊ, नऊ.

मागून कुणीतरी टाळी वाजवली, पण पोपटरावांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांचं बोट पडद्यावर भीमनगराच्या तारखांवरून खाली खाली चाललं होतं. "रविवार. बुधवार. रविवार. बुधवार. अगं गौतमे, ह्ये बघ." ते जुलैच्या शेवटापर्यंत गेले. "ह्ये तर वारच ठरून गेलं. वरच्या आळीचं शुक्रवार-सोमवार, मधल्याचं शनिवार-मंगळवार, तुमचं रविवार-बुधवार. दर आठवड्याला त्येच."

गौतमीनं बघितलं आणि तिला हसू फुटलं. गुरुवार सोडला तर आठवड्याला उरतात सहा दिवस, आणि वस्त्या तीन. प्रत्येकीला दोन. एवढी सोपी गोष्ट होती, आणि वरच्या आळीला पहिलं पान वाढायच्या नादात ती कुणाला दिसली नव्हती. तिनं एवढ्या कष्टानं लिहिलेला प्रोग्रॅम त्याच घटकेला निकामी झाला, कारण आता तो चालवायची गरजच उरली नव्हती. पण तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

"आमचं महिन्याला एक कमी झालं," ज्ञानदेव म्हणाले.

"माझं घर काय भीमनगरात हाय?" आप्पा म्हणाले. "माझ्याबी घरातलं कमी झालं. ऱ्हाऊ दे." मग त्यांनी घसा खाकरला. "पोपटराव, ह्ये वार बोर्डावर लिवा. रंगानं लिवा, खडूनं न्हाई." दारातून बाहेर पडताना ते गौतमीपाशी थांबले. त्यांना बरंच काही म्हणायचं असावं, पण सरपंचाला ते जमत नाही. "मागं म्या पाण्याचं बोललो हुतो," ते म्हणाले, "त्ये मागं घेतो." आणि टोपी सारखी करत निघून गेले.

साहेब लोक आले तेव्हा आप्पांनी त्यांना तासभर कॉम्प्युटर दाखवला. "पाण्याचं नियोजन आम्ही संगणकावर करून घेतलं," असं ते म्हणाले आणि त्यांनी गौतमीला पुढं बोलावून फोटोत उभंही केलं. विनोद सर खास दौंडहून आले होते. त्यांनी प्रोग्रॅमच्या पुसलेल्या ओळी मोजल्या आणि पैकीच्या पैकी मार्क दिले. म्हणाले, मी शिकवायला लागल्यापासून एवढा छोटा झालेला प्रोजेक्ट पाहिला नाही. पुढच्या बॅचला सी शिकवायला मदतीला येशील का, असं त्यांनी तिला तिथंच विचारलं, आणि तिनं हो म्हणायला सरांची जीप सुटायची वाटसुद्धा पाहिली नाही.

गावात 'दोन दिवसाआड' हा शब्द हळूहळू कुणी वापरेनासं झालं. त्याची गरजच राहिली नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला इनामगावची तानुबाई आत्या राहायला आली. पिशवी खुंटीला अडकवून, पाय धुवायला तांब्या उचलता उचलता तिनं नेहमीप्रमाणं विचारलं, "पाणी कवा येतं गं तुमच्याकडं?"

भागुबाई चुलीपाशी होती. डाळ शिजून मऊ झाली होती. तिनं डाव खाली ठेवला, वळून नणंदेकडं पाहिलं, आणि सहज, जसं काही आयुष्यभर हेच सांगत आली आहे अशा आवाजात म्हणाली, "रविवारी आन् बुधवारी. घ्या, पाय धुवा भरपूर पाण्यानं. आज रविवारच हाय."